मूळ मार्कशीट एजंटाच्या कपाटात नको

ताई, नमस्कार. चोपडा तालुक्यात माझी ७ एकर बागायत आहे, केळी आणि कापूस. मुलगी नीटमध्ये पात्र ठरली, पण सरकारी कॉलेजला नंबर लागेल एवढे मार्क नाहीत. जळगावच्या एका कन्सल्टन्सीवाल्याने आधी किर्गिझस्तान सांगितलं, आता रशिया सांगतो. सहा वर्षांचं पॅकेज २२ लाखांचं. कॉलेज ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ आहे म्हणतो. बुकिंगचे ५० हजार आणि दहावी-बारावीच्या मूळ मार्कशीट आठ दिवसांत जमा करा, नाहीतर सीट जाईल, असा रोज फोन येतो. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, शेतजमिनीवर शैक्षणिक कर्ज बसत नाही. गावातला एक जण पैसे द्यायला तयार आहे, पण शेताचं खरेदीखत करून मागतो. मुलीच्या पासपोर्टवर माझ्या नावातल्या ‘सिंग’ला शेवटी ‘एच’ नाही, दहावीच्या मार्कशीटवर आहे. मोठे भाऊ म्हणतात, एवढा खर्च करतोस तर पोरीकडून जायच्या आधी हक्कसोड लिहून घे. तिच्या आईला झोप नाही. तिकडे काही झालं तर आपण कोणाकडे जायचं, एवढंच विचारते. आते काय करो, ताई?
– एक वडील, चोपडा तालुका

भाऊ, नमस्कार.

प्रश्न बरेच विचारलेत, पण आठ दिवसांचा त्यातला एकच आहे: एजंटाला काय सांगायचं? सांगा की पैसे आत्ता नाहीत, आणि मूळ कागद तर कधीच नाहीत. त्याला झेरॉक्स हवी असेल तर द्या, पण तिच्यावर ‘फक्त प्रवेशाच्या चौकशीसाठी’ असं आडवं लिहून, तारीख घालून, मुलीची सही करून द्या. अर्जाला स्कॅन केलेली प्रत चालते. मूळ मार्कशीट लागते ती पुढे अपोस्टिलच्या (परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून सरकारी शिक्का घेण्याच्या) वेळी, तीही थोडे दिवस आणि पावती घेऊनच, आणि मग प्रवेशाच्या वेळी, मुलीच्या स्वतःच्या हातात. एकदा का ती त्याच्या कपाटात गेली, की तुम्हाला मन बदलायची सोय राहत नाही. ‘रद्द करायचंय? मग एवढे भरा आणि मार्कशीट घेऊन जा’, ही तक्रार घेऊन माझ्याकडे दर पावसाळ्यात आई-बाप येतात. सीट आठ दिवसांत जाईल याची धास्ती सोडा. पैसे भरून मिळणाऱ्या तिकडच्या जागा एवढ्या लवकर संपत नाहीत. संपते ती एजंटाची घाई, तुम्ही प्रश्न विचारायला लागलात की.

आता ‘एनएमसी मान्यताप्राप्त’. राष्ट्रीय वैद्यक आयोग, म्हणजेच एनएमसी, परदेशातल्या कुठल्याही कॉलेजला मान्यता देत नाही, तशी यादीही काढत नाही. त्यामुळे हे शब्द छापलेलं माहितीपत्रक पहिल्याच पानावर खोटं बोलतंय. आयोगाने अटी घातल्यात त्या परत येऊन डॉक्टरकी करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला, १८ नोव्हेंबर २०२१च्या नियमांत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हायला हवी. सगळं शिक्षण इंग्रजीतून हवं. मधेच दुसऱ्या विद्यापीठात उडी मारता येत नाही, अभ्यासक्रमाचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात करता येत नाही. आणि त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणे डॉक्टरकीचा परवाना मिळण्याची पात्रता त्या पदवीला असली पाहिजे. हे सगळं प्रवेश घेण्याच्या दिवशी ठरतं. सहा वर्षांनी कोणी दुरुस्त करून देत नाही.

तुमचा माणूस आधी किर्गिझस्तान म्हणाला, आता रशिया म्हणतो. तो का बदलला हे मला माहीत नाही, पण प्रश्न दोन्हीकडे तेच विचारायचे, उत्तरं मात्र वेगळी येतील. ‘पाच वर्षं तिकडे, इंटर्नशिप इथे येऊन’ असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. रशियातली काही विद्यापीठं पहिली वर्षं इंग्रजीत शिकवतात आणि दवाखान्यात जायची वेळ आली की वर्ग रशियनमध्ये सुरू होतो. माहितीपत्रकात त्याला गोंडसपणे द्विभाषिक म्हणतात. आयोगाच्या अटीत ते बसत नाही. रुग्णाशी बोलायला रशियन शिकावीच लागेल, ती वेगळी गोष्ट.

म्हणून मुलीने स्वतःच्या ईमेलवरून विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाला चार ओळी लिहाव्यात: अभ्यासक्रम किती महिन्यांचा, इंटर्नशिप कुठे आणि किती, सहाही वर्षांची शिकवण्याची भाषा कोणती, आणि परदेशी विद्यार्थ्याला तुमच्या देशात परवाना मिळतो का. उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरून आलं पाहिजे, एजंटाच्या व्हॉट्सॲपवरून नव्हे. पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर ते कॉलेज सोडून द्या असं माझं मत आहे.

परत आल्यावर एफएमजीई, म्हणजे परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांना इथे द्यावी लागणारी परीक्षा, आहेच. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, जून आणि डिसेंबरमध्ये. बहुतेक वेळा बसलेल्यांपैकी निम्मेही पास होत नाहीत. ती पास झाल्यावर इथे आणखी वर्षभराची इंटर्नशिप. परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने कॉलेजनिहाय निकालही प्रसिद्ध केलेले आहेत. एजंट ज्या कॉलेजचं नाव घेतो त्याच्यापुढचा आकडा आधी बघा. आणि एक विचारते, राग मानू नका. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात मुलगी काय म्हणते, हे एका ओळीतही नाही. उणे तापमानात सहा वर्षं राहून, परक्या भाषेत रुग्ण तपासून, परत येऊन ही परीक्षा द्यायची तिला आहे. नीटचा निकाल परदेशातल्या प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो, म्हणजे हे याच वर्षी उरकलं पाहिजे असंही नाही. तिला एक वर्ष पुन्हा नीट द्यायची असेल, किंवा दुसराच काही अभ्यासक्रम करायचा असेल, तर ती बोलू शकेल अशी एक संध्याकाळ तिला द्या. तेव्हा मोठे भाऊ घरात नसले तर बरं.

एवढं सगळं जुळलं आणि जायचंच ठरलं, तर मग एजंटाशी करार. नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारकडे नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्याला तो कायदा लागत नाही. त्यामुळे भिंतीवर टांगलेलं ‘सरकारमान्य’ नेमकं कशासाठी आहे ते वाचून बघा. बहुतेक वेळा ते दुकानाचा किंवा जीएसटीचा दाखला असतं. केळीचा व्यापारी घड कापून झाल्यावर भाव सांगायला लागला तर तुम्ही त्याला बांधावर उभं कराल का? इथेही आधी कागद. २२ लाखांत विद्यापीठाची फी किती, वसतिगृह किती, व्हिसा आणि विमा किती, त्याची स्वतःची दलाली किती, आणि व्हिसा नाकारला तर काय परत मिळणार, हे स्टॅम्पपेपरवर वेगवेगळं लिहून घ्या. त्याला द्यायचे ते पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. विद्यापीठाची फी त्याच्या खात्यात भरू नका. ती बँकेमार्फत थेट विद्यापीठाच्या खात्यात पाठवा.

करारात ‘वाद झाल्यास फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ असं बारीक अक्षरात असतं, ते वाचून घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे तुमच्यासाठी जळगाव. मुदत मात्र दोनच वर्षांची असते. मुलगी शिकून आल्यावर बघू म्हणालात तर ती कधीच टळून गेलेली असेल.

पैशाचं बोलू. मॅनेजरने तुम्हाला टाळलं नाही. कर्ज थकलं तर बँक न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेते ते २००२च्या सरफेसी कायद्याने, आणि त्याच कायद्याच्या कलम ३१मध्ये शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेली ही तरतूद शैक्षणिक कर्जाच्या वेळी आडवी येते, कारण जे तारण पटकन विकता येत नाही ते बँकेला नको असतं. बिनशेती प्लॉट, गावातलं किंवा शहरातलं घर, मुदतठेव, एलआयसीची पॉलिसी, यांवर विचारून बघा. दोन-तीन बँकांना एकदम अर्ज करायला सरकारचं विद्यालक्ष्मी पोर्टल आहे. साधारणपणे शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं, हे घरी सगळ्यांना सांगून ठेवा. सहकर्जदार तुम्ही असणार. पोरगी नापास झाली तरी हप्ता पास होत नाही. आणि समाजकल्याण, इतर मागास बहुजन कल्याण, आदिवासी विकास आणि सारथी यांच्या परदेश शिष्यवृत्त्या असतात. कुठली तुमच्या प्रवर्गाला आणि या अभ्यासक्रमाला लागू आहे ते जळगावच्या कार्यालयात जाऊन विचारा. एजंट हे सांगणार नाही, त्याला त्यात काही मिळत नाही.

गावातल्या त्या माणसाला मात्र हात जोडून नाही म्हणा. खरेदीखत म्हणजे विक्री. ‘पैसे फेडले की शेत परत नावावर करून देतो’ हे ओट्यावर बसून, चार माणसांसमोर बोललेलं असलं तरी उपयोगाचं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८मध्ये स्पष्ट आहे की परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण धरला जात नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलं की मग तुम्ही कोर्टात आणि तो शेतात. शिवाय व्याजाने पैसे द्यायला सावकारी परवाना लागतो. तो आहे का, एवढं नुसतं विचारून बघा. बऱ्याचदा विषय तिथेच संपतो.

मोठ्या भावांच्या हक्कसोडीबद्दल. जमीन तुमची स्वकष्टार्जित असेल, तर तुम्ही हयात असताना तिला त्यात सोडण्यासारखा हक्कच नाही. पुढे कधीतरी वारसाने मिळेल ही नुसती आशा कायद्याने हस्तांतरित करता येत नाही. तो कागद पोकळ. आणि जमीन वडिलोपार्जित असेल, तर हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर ती जन्मापासून तुमच्या मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पुन्हा ठासून सांगितलं. मग तो कागद पोकळ नाही, तो तिचं खरोखरचं नुकसान करतो. तिचा भाऊ डॉक्टर व्हायला निघाला असता तर कोणी त्याच्याकडे हक्कसोड मागितली असती का? विमानात बसायच्या आधी अठरा वर्षांच्या पोरीकडून घेतलेल्या सहीला घरात कोणीही सल्ला म्हणू नये. सही घ्यायचीच असेल तर मुखत्यारपत्रावर घ्या, तिने तुम्हाला दिलेल्या. बँक, बोर्ड, वैद्यक आयोग एवढ्याच कामांपुरतं, मर्यादित. ती सज्ञान आहे, तिच्या कागदांवर यापुढे तुमची सही चालणार नाही.

त्या ‘एच’ला किरकोळ समजू नका. तिकडे पदवीवर नाव येतं ते पासपोर्टवरून. रशियात ते आधी रशियन लिपीत जातं आणि भाषांतर होताना पुन्हा इंग्रजीत येतं, म्हणजे अक्षर बदलायला दोन संधी. सहा वर्षांनी नीटचं स्कोअरकार्ड, दहावीची मार्कशीट, पासपोर्ट आणि पदवी अशी चार नावं समोर ठेवून कारकून विचारेल, ही चौघी एकच का? खान्देशात सिंगचा सिंह, भाऊरावचा भावराव होणं घरोघरचं आहे, पण कारकुनाला ते सांगून उपयोग नसतो. दहावीचं नाव पाया धरा. मार्कशीट दुरुस्त करायची तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जावं लागतं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये वेगळं असेल तरच काही होतं. त्यापेक्षा आधार दहावीप्रमाणे करा (आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अक्षर तपासून), आणि मग पासपोर्ट नव्याने काढा. जळगावच्या डाकघरातल्या पासपोर्ट केंद्रात ते होतं. नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं लिहून काम भागेल असं एजंट म्हणेल. कधी भागतं, कधी नाही. तीन महिने हातात असताना प्रतिज्ञापत्रावर का विसंबायचं? पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा नाही ना, तेही बघा; एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिराती भेटीचा व्हिसा देत नाहीत, आणि तुमच्याकडची बरीच तिकिटं दुबई-शारजामार्गे असतात.

पासपोर्टची दुरुस्ती झाल्यावरच अपोस्टिल. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५पासून आहे. आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. मार्कशीट लॅमिनेट केलेली असेल तर अडचण येते, आणि आपल्याकडे निकाल लागला की दुसऱ्या दिवशी लॅमिनेशन ठरलेलं. जन्मदाखल्याला तरी ते करू नका. रशियाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला एचआयव्ही तपासणीचा दाखला लागतो. तो ऐकून घरात कोणी दचकू नये म्हणून आधीच सांगते, सगळ्यांनाच लागतो.

वहिनींचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. जून २०२४मध्ये आपल्याच जिल्ह्यातली चार मुलं रशियात वोल्खोव नदीत बुडून गेली, हे त्यांनी ऐकलेलं असणार. त्याआधी मे महिन्यात किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, जमावाने परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ले केले होते, तेव्हा आपल्या दूतावासाने मुलांना घरातच थांबायला सांगितलं. हे होणार नाही असं मी त्यांना सांगू शकत नाही. झालं तर कोणाकडे जायचं, ते सांगू शकते. पोहोचल्याच्या आठवड्यात मुलीने भारतीय दूतावासाकडे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नाव नोंदवावं. तक्रारही त्याच पोर्टलवर घरबसल्या करता येते. विमा घेताना आजारपणाइतकंच एक वाक्य शोधा: पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च. वाचायला कठीण आहे, पण ते वाक्य नसलेला विमा स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो. दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, तो अडलेल्यासाठी असतो, विम्याऐवजी नसतो. आणि नदी-तलावाची गोष्ट तिच्याशी स्वतः बोला. तापीकाठी वाढलेल्या पोरांना पाण्याची भीती कमी असते आणि तिकडचं पाणी जूनमध्येही बर्फासारखं असतं.

रशियात उतरताना मिळणारं मायग्रेशन कार्ड जपायचं. सात कामाच्या दिवसांत विद्यापीठाने तिची नोंदणी केली का, हे तिने स्वतः विचारायचं. व्हिसा वाढवायला पासपोर्ट विद्यापीठाकडे जातो, तेव्हा त्याची प्रत आणि पावती जवळ हवी. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, कितीही चांगल्या पगाराचं काम सांगितलं तरी; भारतीय तरुणांना असंच सैन्यात ओढल्याचे प्रकार झाले आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारे द्यावे लागले.

मार्च २०२२पासून आपल्याकडची व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं रशियात चालत नाहीत. एजंटाने ‘फॉरेक्स कार्ड देतो’ म्हटलं तर ते तिथे कुठल्या यंत्रात चालेल ते विचारा. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च रोखीत, बँकेकडून किंवा अधिकृत चलनविक्रेत्याकडून पावतीसह. १० हजार डॉलरवर रोख असेल तर तिथल्या कस्टमला सांगावं लागतं. फी पाठवण्याआधी तुमच्या बँकेला विचारा, त्या विद्यापीठाच्या बँकेत पैसे पोहोचतात का. निर्बंधांमुळे कित्येक रशियन बँका व्यवहाराबाहेर आहेत. स्वतःच्या पैशातून वर्षात १० लाखांवर पाठवलंत तर बँक त्यावर कर कापून घेते, तो विवरणपत्रात परत मागता येतो. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर तो नाही.

सामानाचं फार लिहीत नाही, वहिनींना कळतं. बिबड्या, शेवया, कळण्याचं पीठ खुशाल द्या. काळा मसाला मात्र यावेळी खसखशीशिवाय करा. अमिरातीत खसखस बंदी घातलेला पदार्थ आहे आणि मुंबईहून जाणारं विमान तिथे थांबत असेल तर उगाच प्रसंग नको. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही नको. बाकी औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सप्टेंबरात निघायचं असेल तर एक दिवस आधी मुंबई गाठा. कसाऱ्याला दरड कोसळली की रेल्वे आणि रस्ता दोन्ही थांबतात आणि विमान कोणाची वाट बघत नाही.

शेवटी आज संध्याकाळी करायचं एक काम. मुलीला विचारा, नीटचा अर्ज आणि विद्यापीठाची नोंद कोणाच्या ईमेलवर, कोणाच्या मोबाईल नंबरवर आहे. एजंटाच्या असेल तर आजच बदलून घ्या, पासवर्डसकट. तिचं इथलं सिमकार्ड रोमिंग चालू करून तिच्याबरोबर जाऊ द्या, बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.